अकरा हजार दोनशे

कॉलेजात तिला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, काळीज. त्याचं असं झालं, बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला एक प्रॅक्टिकल होतं. बकऱ्याचं काळीज, म्हणजे लिव्हर, वाटायचं, त्यातलं एन्झाइम वेगळं काढायचं आणि पेरॉक्साइडवर थेंबभर टाकलं की फसफसून फेस वर यायला हवा. शिपायानं कुठूनसं आणलेलं काळीज उन्हात पडून आंबलेलं, वास जवळ उभं राहू देईना. फेस कसला येतोय, साधा बुडबुडा नाही. मॅडम वैतागल्या, मागची पोरं खिदळली आणि शेवटच्या बाकावरून एक हडकुळी मुलगी म्हणाली, "मॅडम, ताजं मी आणते. आमचं दुकान आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डबा उघडला तेव्हा आतलं काळीज अजून कोमट होतं. तिनं ते हातात घेतलं, ब्लेडनं सपासप चिरलं, आणि अख्खा वर्ग दोन पावलं मागे सरकला. फेस असा आला की नळीतून उतू जाऊन टेबलावर सांडला. त्या दिवसापासून ती काळीज झाली. तिला नाव आवडलं. घरी तिला ज्या नावांनी हाका मारायचे त्यापेक्षा हे पुष्कळ बरं होतं.

दुकान पुढे, मागे दोन खोल्या, वर पत्रा. बाप खाटीक. त्याचा हात सुरीवर चालायचा तसा बायकोवरही चालायचा. आता खाटीक होता म्हणून मारायचा, असं कुणी म्हणू नका हं! त्याच रांगेतला पलीकडचा खाटीक मुंगीला वाट करून द्यायचा आणि बायकोच्या धाकात असायचा. या माणसाच्या अंगातच ते होतं. हत्यार म्हणून सुरी तो कधी वापरायचा नाही, तेवढी अक्कल त्याला होती. त्याच्याकडे दुकानाचं शटर खाली ओढायची लोखंडी सळई होती, टोकाला आकडा असलेली. मारायचं ते मांड्यांवर, पाठीवर, कुल्ल्यांवर, कपड्याखाली झाकलं जाईल अशा जागी. तोंडाला कधी हात लावला नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, माणूस तापट आहे पण मनाचा चांगला.

काळीज शाळेच्या शेवटच्या वर्षात होती तेव्हा एका सकाळी आईला शटर उघडायला उशीर झाला. एवढंच कारण. बापानं मागचं दार लावून घेतलं आणि सळई उचलली. काळीज आणि तिचा दादा भिंतीला टेकून उभे होते. दादा एकवीस वर्षांचा, बैलासारखा आडवा, पण जागचा हलला नाही. आई आधी ओरडली, मग नुसती कण्हली, मग गप्प झाली, आणि गप्प झाल्यावरही बाप मारतच होता, दम लागेपर्यंत. मग त्यानं कपाळ पुसलं, शटर वर केलं आणि पहिल्या गिऱ्हाइकाला हसून विचारलं, "बोला, काय देऊ?"

दुसऱ्या दिवशी आईची लघवी कोऱ्या चहासारखी काळी झाली. तिसऱ्या दिवशी होईचना. चेहरा सुजून डोळे मिटले, पाय खांबासारखे झाले, पाचव्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं निकामी झाली. बाप म्हणाला, "किडनीच नाजूक होती तिची." आलेल्या चार माणसांनी माना डोलावल्या. नाजूक म्हणे! ज्या बाईनं वीस वर्षं अख्खे बोकड खांद्यावरून आत वाहिले, तिची किडनी नाजूक.

पुढे वर्षभरात बाप झटक्यानं गेला, आणि दुकानाबरोबर सळईसुद्धा दादाकडे आली.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मॅडमनी प्रत्येकाला उभं करून विचारलं होतं, बायोकेमिस्ट्रीच का? निम्मा वर्ग डॉक्टरकीचा प्रवेश हुकलेला, तोंडं पाडून बसलेला. एकानं तर सरळ सांगितलं, "दुसरं काही मिळालं नाही." काळीजची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "किडनी का बंद पडते ते कळायला हवंय." मॅडम "छान" म्हणाल्या आणि पुढच्याकडे वळल्या. मग त्यांनी सगळ्यांना धीर दिला. या डिग्रीवर उपाशी कुणी मरत नाही, औषधाच्या कारखान्यात जा, दुधाच्या जा, बिअरच्या जा, गुन्ह्यातले डाग तपासणाऱ्या लॅबमध्ये जा, शिकवा, संशोधन करा, नाहीतर दवाखान्यात रक्त तपासा. पोरं बिअरवर हसली. पण झालं तसंच. मागच्या बाकावरचा लांबू औषधाच्या कंपनीत गोळ्यांमधली भेसळ शोधतो. एक मैत्रीण बाळांच्या दुधाच्या पावडरीतली जीवनसत्त्वं मोजते. वर्गातला पंडित परदेशात नऊ वर्षं यीस्टवर काम करतोय, आणि पत्रात लिहितो की आता यीस्ट मला ओळखायला लागलंय. काळीजची वाट मात्र एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी एका तासाला ठरली.

तास स्नायूंचा होता. मॅडमनी फळ्यावर स्नायूची पेशी काढली आणि खडूनं तिच्यावर काट मारली. म्हणाल्या, "स्नायू चेंगरला की त्याच्या आतलं सगळं रक्तात सांडतं. त्यातलं एक एन्झाइम आपण मोजतो, सीके. निरोगी माणसात दोनशेच्या आत. चेंगरलेल्या माणसात हजारोंच्या घरात. आणि त्याच स्नायूतलं लाल प्रथिन किडनीच्या नळ्यांत जाऊन तुंबतं. लघवी कोऱ्या चहासारखी होते, मग बंद पडते. पोटात भरपूर पाणी गेलं, सलाइन लागलं, तर माणूस वाचतो. नाहीतर चार-पाच दिवस."

"कशानं चेंगरतो, मॅडम?" कुणीतरी विचारलं.

"अंगावर भिंत पडली, गाडीखाली पाय सापडला," मॅडम खडू झटकत म्हणाल्या, "किंवा बेदम मारहाण."

काळीजचं पेन थांबलं. ती उठली, बाहेर गेली आणि जिन्यातच ओकली. इतकी वर्षं जे किडनीचं दुखणं होतं, तो खून होता. आणि एक तांब्या पाणी कुणी तासातासाला पाजलं असतं तर कदाचित आई जगली असती. घरात पाणी होतं. तिलाच माहीत नव्हतं.

ती तशीच घरी गेली. दादा ओट्यावर मांस तोडत होता. ती म्हणाली, "आईची किडनी नाजूक नव्हती. बाबांनी मारून मारून तिचे स्नायू फोडले, त्यानं किडनी बंद पडली. ते आजारपण नव्हतं दादा, बाबांनी मारलं तिला. आणि आपण दोघं बघत होतो."

दादानं हात पुसले. शटर खाली ओढलं आणि सळई हातातच ठेवली. "हे शिकवतात होय तुला तिथं?" पहिला फटका मांडीवर बसला. "बापाला खुनी म्हणायला?" दुसरा पाठीवर. प्रत्येक फटक्याबरोबर एक प्रश्न होता, आणि उत्तर द्यायला तो सवड देत नव्हता. ती ओट्याखाली शिरली, त्यानं पाय धरून ओढलं. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली, त्यानं तिचं डोकं फरशीवर आपटलं. तिनं एकोणीसपर्यंत मोजलं. पुढचं तिला आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा ती रडत बसली नाही. सरपटत माठापर्यंत गेली. तांब्या, दोन तांबे, उलटी झाली, परत तांबे. पोटाला तड लागली तरी पीत राहिली. लघवी काळी झाली, मग तपकिरी, मग दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळट. फळ्यावरच्या चार ओळींनी तिचा जीव वाचवला, अक्षरशः.

आणि दैवाची थट्टा बघा, दोनच दिवसांनी प्रॅक्टिकल होतं सीकेचं. प्रत्येकानं स्वतःचं रक्त काढून मोजायचं. शेजारणीचा आकडा आला एकशे चाळीस. काळीजचा मशीनच्या मापाबाहेर गेला. तिनं रक्त दहापट पातळ केलं, तरी बाहेर. पन्नासपट केलं, तेव्हा आला. अकरा हजार दोनशे.

मॅडम पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. "अगं, डायल्यूशन चुकलं तुझं. अकरा हजारवाला माणूस खाटेवर असतो. कर पुन्हा."

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, तिनं बाही मनगटापर्यंत ओढली आणि म्हणाली, "चुकलं, मॅडम." मॅडमनी जर्नलमधल्या आकड्यावर लाल पेनानं काट मारली, शेजारी "चूक" लिहिलं आणि पुढे गेल्या. संताप येतो हो! जिनं फळ्यावर मारहाण लिहिली, तिला हातभरावर उभी असलेली मारहाण दिसली नाही. पण मॅडमना तरी किती बोल लावायचा? चुकलं असं काळीज स्वतःच म्हणाली होती.

त्या आठवड्यात ती होस्टेलला राहायला गेली. डिग्री झाली आणि तिनं एकाच ठिकाणी अर्ज केला, सरकारी दवाखान्याच्या तातडीच्या लॅबमध्ये. जिथं मार खाल्लेल्यांचं रक्त येतं तिथं.

दादानं लग्न केलं. वहिनी ठेंगणी, बोलकी, कशावरही हसणारी. एकदा ती लॅबमध्ये आली होती, काचेला नाक लावून बघत राहिली. "ताई, दिवसभर त्या नळ्यांत काय हो बघता?"

"माणसाच्या आत काय चाललंय ते."

"सगळं दिसतं?"

"बरंचसं."

वहिनी हसली नाही. तिनं बाही मनगटापर्यंत ओढली. काळीजनं ते पाहिलं, तिला ते कळलं, आणि ती काहीच बोलली नाही. चहा पाजला आणि वहिनीला परत धाडलं. ही गोष्ट तिनं स्वतःला आजवर माफ केलेली नाही, आणि करूही नये.

पुढच्याच महिन्यातली गोष्ट. मंगळवार, दुपारचे दोन. एक नळी आली, बरोबर लघवीची बाटली आणि चिठ्ठी. बाई, वय सव्वीस, जिन्यावरून पडली, पोट दुखतं, लिव्हरची तपासणी करा. आडनाव काळीजच्या घरचंच. तिनं नळी मशीनला लावली. लिव्हरच्या दोन एन्झाइमपैकी एक आभाळाला टेकलेलं, दुसरं जेमतेम वर. म्हणजे हे लिव्हर नव्हेच, हा स्नायू बोलतोय. लघवीची बाटली उजेडात धरली. कोरा चहा.

सीके कुणी मागितलं नव्हतं. तिनं लावलं. मापाबाहेर. पन्नासपट पातळ केलं, मापाबाहेर. पाचशेपट. बासष्ट हजार.

लॅबचे साहेब चष्मा कपाळावर ठेवून आले, निवृत्तीला सात महिने राहिलेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. "अहो, जिन्यावरून पडलेल्या बाईला बासष्ट हजार कुठून येईल? डायल्यूशन चुकलं असेल तुमचं. नमुना पुन्हा पाठवा असं लिहा आणि सोडा."

तेच शब्द. पुन्हा नमुना म्हणजे दोन तास, आणि तोवर नवरा बायकोला घरी घेऊन गेलेला असणार. घरी माठ होता, पण पाणी पाजणारं कुणी नव्हतं.

"चुकलेलं नाही," काळीज म्हणाली. तिनं साहेबांच्या डोळ्यांदेखत नव्या पिपेटनं पुन्हा पातळ केलं. बासष्ट हजार शंभर. तिसऱ्यांदा. एकसष्ट हजार नऊशे. मग तिनं वॉर्डला फोन लावला.

पलीकडे तरुण डॉक्टर, घाईत. "हो, त्या बाई ना? दुखण्याचं इंजेक्शन देतोय, मिस्टर घरी न्यायचं म्हणतात. जिन्यावरून..."

"डॉक्टर, आमच्या घराला जिनाच नाही."

"आमच्या?"

"ती माझी वहिनी आहे. तिला पडून नाही, मारून असं झालंय. सीके बासष्ट हजार आहे. ते इंजेक्शन देऊ नका, किडनी जाईल. सलाइन जोरात सोडा आणि तिला दाराबाहेर जाऊ देऊ नका. पोलिसांना मी कळवते." मग रिपोर्टखाली तिनं पूर्ण सही केली.

वॉर्डात बायकोला सोडेनात आणि कारण लॅबचा रिपोर्ट आहे हे कळलं, तसा दहा मिनिटांत दादा आला. खिडकीच्या काचेवर त्यानं कोपर मारलं, काच खळकन आत आली. "माझ्या घरात नाक खुपसतेस?" हात आत घालून त्यानं तिचे केस धरले आणि तिचं तोंड चौकटीवर आपटलं. ओठ फाटला, एक दात तुटून टेबलावर पडला. मग दार ढकलून तो आतच शिरला. नळ्यांचा रॅक त्यानं एका फटक्यात जमिनीवर लोळवला, जणू सगळ्या गावाचं रक्त फरशीवर सांडलं. "कुठाय ते? कुठाय तिचं रक्त? ते गेलं की तुझा कागद खोटा!"

ते काळीजच्या उजव्या मुठीत होतं. फोन ठेवताक्षणीच तिनं नळी उचलून ठेवली होती. त्यानं तिला पाडलं, मनगटावर पाय दिला. "उघड." तिनं मूठ आवळली. त्यानं लोखंडी स्टूल उचललं आणि मुठीवर घातलं. हाड मोडल्याचा आवाज साहेबांनी टेबलाखालून ऐकला. "उघड, तुझ्या आयला!" पुन्हा स्टूल. "माझ्या आयचंच ऐक," ती रक्त थुंकत म्हणाली. "तिच्या वेळी तू उभा राहून बघत होतास!" तिसऱ्यांदा स्टूल वर गेलं तेव्हा दोन रखवालदार आणि तो तरुण डॉक्टर त्याच्यावर पडले. तिघांना तो आवरेना. एका रखवालदाराचं नाक फुटलं. शेवटी त्याला पालथा पाडून त्याच्याच पट्ट्यानं हात बांधले.

साहेब टेबलाखालून बाहेर आले. त्यांनी काळीजची सुजलेली बोटं एकेक करून सोडवली, अगदी हळू. नळी प्लास्टिकची, चपटलेली, पण फुटलेली नव्हती. मग म्हाताऱ्यानं नमुना स्वतः पातळ केला, स्वतः मशीनला लावला. बासष्ट हजार तीनशे. तिच्या सहीखाली त्यांनी स्वतःची सही केली आणि मग ते मटकन खुर्चीत बसून रडायला लागले.

दादाला पोलीस घेऊन गेले. घरातून सळई सापडली. दादाच्या वकिलानं पहिल्याच दिवशी म्हटलं, लॅबचा आकडा चुकीचा आहे, बहिणीचं भावाशी वैर आहे. चार वेळा मोजलाय, साहेबांनी जबाबात सांगितलं, त्यातलं एकदा मी मोजलाय, आणि माझं कुणाशी वैर नाही.

वहिनीची किडनी दोन दिवस अडून बसली, तिसऱ्या दिवशी सुटली. रोज सकाळी काळीज प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून तिच्या खाटेपाशी जाई आणि वहिनी डोळे उघडायच्या आत विचारी, "ताई, आज किती?" चाळीस हजार. सव्वीस हजार. नऊ हजार. तापाचा पारा उतरावा तसा आकडा उतरत गेला. दहाव्या दिवशी अठराशे झाला तेव्हा वहिनी पहिल्यांदा हसली, आणि हसताना पाठीत कळ आली म्हणून शिवी दिली.

मग ती गंभीर झाली. "ताई, त्या दिवशी लॅबमध्ये माझी बाही तुम्ही पाहिली होती ना?"

"पाहिली होती." काळीज म्हणाली. "मी गप्प बसले. चुकलं माझं, वहिनी."

आईचं आणि स्वतःचं, दोन्ही काळीजनं तिला या दहा दिवसांत सांगितलं होतं. वहिनीनं विचारलं, "तुमचा कधी मोजला होता?"

काळीजनं दुसऱ्या दिवशी होस्टेलच्या ट्रंकेतलं जुनं जर्नल आणलं. ते पान काढून वहिनीच्या पुढ्यात ठेवलं. वहिनीनं लाल शाईवरून बोट फिरवलं. "अकरा हजार दोनशे. मग चूक का लिहिलंय?"

"मीच म्हटलं तसं."

"खोडा ते."

प्लास्टरमुळे उजवा हात चालेना. तिनं डाव्या हातानं पेन धरून तो लाल शब्द खोडला, वाकडातिकडा, आणि काट मारलेला आकडा खाली पुन्हा लिहिला. वहिनी बघत होती. तिनं अंकावरून बोट उचललं आणि हळूच विचारलं, "आणि सासूबाईंचा किती होता हो?"

काळीजनं जर्नल मिटलं.

"आईचा कुणी मोजलाच नाही."